जुन्या मोटारीचा हिशेब

संसारांतील नीतीचे प्रश्न क्वचितच आपल्या खऱ्या वेषांत दारीं येतात. ग्रंथांत सत्य, न्याय, ऋण हे शब्द ज्या गांभीर्यानें वावरतात, त्या गांभीर्याचा लवलेशहि नसतांना तेच प्रश्न कधीं किराण्याच्या यादींतून, कधीं भाडेचिठ्ठींतून, तर कधीं मिस्त्रीनें तेलकट बोटांनीं लिहून दिलेल्या अंदाजपत्रकांतून आपल्यापुढें उभे राहतात. आणि इतक्या साध्या वेषांत आल्यामुळेंच ते व्यवहाराचे प्रश्न आहेत, नीतीचे नव्हेत, अशी समजूत करून घेऊन आपण मोकळे होतों. गेल्या पावसाळ्यांत असाच एक कागद आमच्या हातीं पडला. त्यावर 'गिअरबॉक्स बदलणें' एवढेच शब्द होते आणि त्यांच्यापुढें एक आंकडा होता. त्या आंकड्यानें आम्हांस तीन आठवडे स्वस्थ बसूं दिलें नाहीं. ज्यांच्या घरीं मोटार आहे त्यांच्या हातीं हा कागद आज ना उद्यां पडणारच; तो पडला म्हणजे त्याच्या मागोमाग जो मोह येतो तो त्यांनीं आमच्याहून लवकर ओळखावा, एवढ्याच हेतूनें ही हकीकत आणि तिच्यावरचा विचार येथें मांडीत आहों.

आमची मोटार २००८ सालीं घेतलेली. लहान, पेट्रोलवर चालणारी, आणि मध्यम स्थितींतील कुटुंबास शोभेल अशी. खाजगी मोटारीच्या नोंदणीची मुदत पंधरा वर्षांची असते. ती संपली तेव्हां, २०२३ मध्यें, ५,००० रुपये शुल्क भरून आम्हीं ती आणखी पांच वर्षांपुरती नवी करून घेतली, आणि त्याच भरांत चार टायर व नवी बॅटरीहि घातली. एंजिन अद्यापि ठणठणीत होतें. पुढें मात्र सकाळच्या प्रहरीं दुसरा गिअर घालतांना खरखर होऊं लागली, आणि कांहीं दिवसांनीं गाडी वेगांत असतां खालून घोंगावल्यासारखा एक सूर ऐकूं येऊं लागला. मिस्त्रींनीं एक फेरी मारून निदान सांगितलें: "सर, गिअरबॉक्स गेला. बेअरिंग वाजताहेत. अशीच चालवलीत तर दोन-चार महिने चालेलहि; पण एखाद्या दिवशीं ऐन घाटांत जाम होईल. बदलून टाका." बदलण्याचे मार्ग तीन होते. कंपनीचा कोरा गिअरबॉक्स घातल्यास मजुरीसुद्धां ५८,००० रुपये. जुना खोलून, झिजलेले भाग बदलून तयार केलेला घातल्यास ३१,०००, आणि त्यास सहा महिन्यांची हमी. भंगारांत निघालेल्या एखाद्या गाडीचा काढून घातल्यास १८,०००, आणि हमी कसलीच नाहीं. त्याच आठवड्यांत जुन्या गाड्यांचा व्यवहार करणाऱ्या एका दलालांस आम्हीं विचारून पाहिलें. गाडी निर्दोष असती तर ७५,००० रुपये आले असते, या दोषासकट ३०,००० येतील, असें त्यांचें म्हणणें पडलें.

एका लोखंडी पेटीस एवढा खर्च कां यावा, हें प्रथम समजून घेतलें पाहिजे. एंजिनाचा स्वभाव असा आहे, कीं तें एका ठराविक गतीच्या पट्ट्यांतच चांगला जोर देतें. रस्त्याची मागणी मात्र क्षणोक्षणीं बदलते. चढावर जोर हवा असतो, सपाटीवर वेग. या दोघांमध्यें मध्यस्थी करणारें यंत्र म्हणजे गिअरबॉक्स. लहानमोठ्या दांतेरी चाकांच्या जोड्यांनीं तो वेग देऊन जोर घेतो, किंवा जोर देऊन वेग घेतो. निरनिराळ्या गतीनें फिरणारे हे भाग एकमेकांत मुकाट्यानें अडकावे म्हणून आंत बहुधा पितळेचीं कडीं असतात. तीं घर्षणानें दोहोंची गति प्रथम समान करतात. वर्षानुवर्षें हेंच काम करून तीं झिजतात, आणि मग खरखर ऐकूं येते. आश्चर्य हें, कीं हीं कडीं किंवा तीं बेअरिंगें स्वतः फार महाग नसतात. महाग असतें तें त्यांच्यापर्यंत पोंचणें. त्यासाठीं चाकांकडे जाणारे दोन्ही दांडे काढावे लागतात, एंजिनास आधार देऊन गिअरबॉक्स खालीं उतरवावा लागतो, तो खोलून एकएक चाक तपासावें लागतें. आणि इतकें करून आंत आणखी काय निघेल याची शाश्वति नसते. म्हणून आजचीं बहुतेक गॅरेजें खोलण्याच्या भानगडींत न पडतां सबंध गिअरबॉक्सच बदलूं पाहतात. त्यांत त्यांची निश्चिति होते. त्या निश्चितीची किंमत मालक देतो.

यांत सुट्या भागांच्या बाजाराचाहि हात आहे. आपल्या देशाच्या स्पर्धा आयोगानें २०१४ च्या ऑगस्टमध्यें चौदा मोटार कंपन्यांस मिळून सुमारें २,५४५ कोटि रुपयांचा दंड ठोठावला, तो याच कारणासाठीं, कीं त्या आपले सुटे भाग व दुरुस्तीचीं साधनें बाहेरच्या मिस्त्रींस खुल्या बाजारांत मिळूं देत नव्हत्या. त्या निर्णयावर पुढें अपिलें झालीं; पण आयोगानें बोट ठेवलें होतें तें दुखणें खरें होतें. जो भाग सुटा मिळत नाहीं त्याची दुरुस्ती होत नाहीं. होते ती बदली. याच्या उलट उदाहरण मुंबईकरांच्या डोळ्यांसमोर कालपरवांपर्यंत होतें. वालचंद हिराचंद यांनीं १९४४ मध्यें स्थापिलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यांतून निघालेली पद्मिनी मोटार या शतकाच्या आरंभींच निघावयाची थांबली; परंतु टॅक्सीच्या रूपानें ती २०२३ च्या ऑक्टोबरपर्यंत मुंबईच्या रस्त्यावर होती, आणि शेवटीं थांबली ती टॅक्सीस घालून दिलेली वीस वर्षांची वयोमर्यादा भरली म्हणून. तिचें पोट उघडणारा मिस्त्री आणि त्या पोटांत घालावयाचा भाग, दोन्हीहि गल्लींत मिळत. वस्तूचें आयुष्य केवळ तिच्या पोलादावर ठरत नाहीं. तिला उघडूं शकणाऱ्या हातांवरहि ठरतें.

आंकडे पुढें आल्यावर आमच्या घरीं जी चर्चा झाली तशी ती हजारों घरीं होत असेल. एक पक्ष असा निघाला, कीं पाऊण लाखाच्या गाडींत अठ्ठावन्न हजार, किंवा एकतीस हजार म्हणा, घालणें हा शुद्ध वेडेपणा होय. दुरुस्तीचा खर्च किंमतीच्या जवळपास गेला कीं वस्तु टाकावी, हा शहाण्यांचा नियम आहे. दुसरा पक्ष म्हणाला, नोंदणी, टायर, बॅटरी यांवर आतांच पैसे घातले आहेत. ते फुकट कां घालवावे? हे दोन्ही पक्ष एकमेकांचे शत्रु दिसतात. पण चूक दोघांचीहि आहे. पहिला पक्ष बाजारभाव आणि उपयोग यांची गल्लत करतो. पाऊण लाख हा आकडा आमच्या मोटारीच्या कामाचें माप नव्हे. आंत काय दडलें असेल या भीतीनें बिचकलेला परका मनुष्य जास्तींत जास्त काय देईल, याचें तें माप आहे. दुसरा पक्ष गेलेल्या पैशांस बोलावूं पाहतो. ब्रिटन व फ्रान्स या दोन राष्ट्रांनीं ध्वनीहून वेगानें जाणाऱ्या कॉंकॉर्ड विमानावर, तें खर्च भरून काढणार नाहीं अशीं चिन्हें दिसत असतांहि, पैसा ओतणें चालूच ठेवलें. १९७६ पासून २००३ पर्यंत तें विमान उतारूंना घेऊन उडालें, आणि 'इतकें घातलें, आतां मागें कसें फिरावें' या भ्रमास अर्थशास्त्रांत त्या विमानाचेंच नांव पडलें. मोठीं राष्ट्रें ज्या भ्रमांत सांपडतात, त्यांत चार टायरांच्या मोहानें एखादा प्राध्यापक सांपडला तर नवल नाहीं.

विचारावयाचा प्रश्न पुढचा आहे. २०२८ मध्यें नोंदणीची मुदत संपेपर्यंत आमच्या कुटुंबास लागणारी ये-जा कोणत्या मार्गानें किती पैशांत होईल? ३१,००० रुपये अडीच वर्षांवर पसरले तर महिन्यास सुमारें एक हजार पडतात. कर्ज काढून घ्यावयाच्या नव्या मोटारीचा हप्ता त्याच्या दसपट येत होता. या हिशेबांत आणखी एक रकाना आहे, आणि तोहि प्रामाणिकपणें भरला पाहिजे. आमची मोटार झाल्यानंतर २०१७ मध्यें भारत स्टेज चार आणि २०२० मध्यें भारत स्टेज सहा, अशीं धुराचीं अधिकाधिक कडक मानकें देशभर लागू झालीं; म्हणजे आमच्या धुराचा कांहीं अधिक भार शेजाऱ्यांच्या फुप्फुसांवर पडतो, हें नाकारतां येत नाहीं. उलटपक्षीं, नवी मोटार घडवितांना लागणारें पोलाद व ॲल्युमिनियम वितळविण्याचा धूरहि कोठेंतरी निघतच असतो, आणि तोहि कोणाच्या तरी फुप्फुसांत जातो. आठवड्यांतून शंभर किलोमीटरहि न फिरणाऱ्या आमच्यासारख्यांस दुरुस्ती पत्करणें युक्त दिसलें. रोज पन्नास किलोमीटर जाणाऱ्यास उत्तर निराळें येईल. येथपर्यंतचा प्रश्न हिशेबाचा आहे, आणि तो सोडविण्यास थोडें गणित व थोडी शांति पुरते.

परंतु आम्हीं तो इतक्या सरळपणें सोडविला नाहीं. मध्यंतरीं आमच्यापुढें एक तिसराच मार्ग आला. दलालांनीं फोन करून मोठ्या आपुलकीनें सांगितलें, "प्रोफेसरसाहेब, कशाला तीस हजारांना देतां आणि कशाला एकतीस हजार घालतां? गिअरबॉक्समध्यें जाड तेल घाला, गिऱ्हाईक यायच्या आधीं एक चक्कर मारून गाडी गरम ठेवा. महिनाभर कांहीं आवाज यायचा नाहीं. आणि महिनाभरानें ती तुमची राहणार नाहीं." ही युक्ति कांहीं नवी नव्हे. झिजलेल्या गिअरबॉक्सांत लाकडाचा भुसा कोंबून त्याचा आवाज दाबण्याची विद्या मोटारीच्या धंद्यांत फार जुनी आहे. शिवाय कागदोपत्रीं तर कांहींच दिसण्याची भीति नव्हती. नोंदणीच्या पुस्तकांत चासीचा क्रमांक असतो, एंजिनाचा असतो. गिअरबॉक्सचा उल्लेखहि नसतो. तो शाबूत आहे कीं मोडका, हें विकणाराचें मन आणि त्याचा मिस्त्री यांखेरीज कोणास ठाऊक असणार?

आम्हीं तेल घातलें नाहीं. तेवढी लाज शिल्लक होती. पण 'पाहूं तर खरें, कोणी काय देतो' असें म्हणून आम्हीं गिऱ्हाइकास घरीं पाठविण्यास संमति दिली, आणि ज्या सकाळीं तें यावयाचें होतें त्या सकाळीं आम्ही दूध आणावयास, एरवीं पायीं जातों तेथें, मोटारीनें गेलों. गाडी आपोआप गरम झाली. मनुष्य आपल्याशीं सुद्धां किती आडून बोलतो, याचें हें उदाहरण आम्हांस पुढें पुष्कळ दिवस बोंचत राहिलें.

आलेले गृहस्थ साताऱ्याकडील एका गांवचे, पस्तिशीच्या आंतबाहेरचे. पहिलीच मोटार घेत होते. पतसंस्थेंतून कर्ज मंजूर झालें होतें. त्यांनीं गाडी फिरवून पाहिली, दारें उघडून मिटून पाहिलीं, आणि उतरतांना संकोचानें विचारलें, "सर, गाडीचं काहीं काम तर नाहीं ना?" आम्हीं उत्तर दिलें, "वयाच्या मानानें गाडी उत्तम आहे." त्यांनीं ६५,००० रुपये देऊं केले, दलालांनीं सत्तराचा आग्रह धरला, घरीं विचारून कळवितों असें म्हणून, आपला फोन क्रमांक ठेवून ते गेले. दुसऱ्या दिवशीं दलालांनीं दुसरें गिऱ्हाईक पाठविलें. दार उघडतांच तो तरुण थबकला, वांकून त्यानें नमस्कार केला, आणि म्हणाला, "सर, तुम्ही! मग कांहीं विचारायलाच नको." दहाबारा वर्षांपूर्वीं तो आमच्या वर्गांत होता. आम्ही त्यास दारांतच म्हणालों, "अरे, गिअरबॉक्स गेला आहे. ही घेऊं नकोस." तो चहा घेऊन, आभार मानून गेला. त्या रात्रीं आम्हांस झोंप आली नाहीं. एकास आम्हीं सत्य सांगितलें, तें तो आमचा विद्यार्थी होता म्हणून. दुसऱ्यास सांगितलें नाहीं, तें तो आमचा कोणी नव्हता म्हणून. मोटार तीच, दोष तोच. बदललें होतें फक्त गिऱ्हाइकाशीं असलेलें नातें. आणि ज्याला सांगितलें नाहीं तोच ती गाडी खंबाटकीच्या घाटांतून घरीं नेणार होता.

वाचकांपैकीं वकील असतील त्यांस आमच्या करार कायद्यांतील घोडा आठवेल. १८७२ चा हा कायदा अद्यापि चालू आहे, आणि त्याच्या सतराव्या कलमांत कपटाची व्याख्या करून पुढें कांहीं दृष्टांत दिले आहेत. एक मनुष्य लिलांवांत घोडा विकतो. घोड्यांत खोड आहे हें त्यास ठाऊक आहे. तो कांहींच बोलत नाहीं. कायदा म्हणतो, हें कपट नव्हे. दुसरा दृष्टांत: घेणारी त्या विकणाराची नुकतीच वयांत आलेली कन्या आहे, येथें नात्यामुळेंच, खोड सांगणें हें बापाचें कर्तव्य होतें. तिसरा: घेणारा म्हणतो, तुम्ही नाहीं म्हणाला नाहींत तर घोडा निर्दोष आहे असें मी समजेन, विकणारा गप्प राहतो. येथें मौन हेंच बोलणें ठरतें. दीडशें वर्षांपूर्वीं लिहिलेले हे तीन दृष्टांत आमच्या ओसरीवर दोन दिवसांत घडून गेले होते. 'विचारायलाच नको' असें म्हणणारा विद्यार्थी दुसऱ्या दृष्टांतांत बसत होता आणि तिसऱ्यांतहि. साताऱ्याकडील गृहस्थांनीं तर स्पष्टच विचारलें होतें; त्यांस पहिल्या दृष्टांताच्या आडोशानें टाळण्याची सोयसुद्धां आम्हांस उरली नव्हती. आमचें उत्तर मौनाहूनहि हीन होतें: तें वाक्य म्हणून खरें होतें, आणि उत्तर म्हणून खोटें होतें.

हा वाद कायद्याहून पुष्कळ जुना आहे. ख्रिस्तपूर्व ४४ मध्यें सिसेरोनें आपल्या पुत्रासाठीं कर्तव्यांवर जो ग्रंथ लिहिला, त्याच्या तिसऱ्या भागांत तो एक प्रश्न घालतो. ऱ्होड्स बेटांत दुष्काळ आहे; एक व्यापारी अलेक्झांड्रियाहून धान्याचें गलबत घेऊन प्रथम पोंचतो; मागून आणखी गलबतें येत आहेत हें त्यानें वाटेंत पाहिलें आहे. तें त्यानें ऱ्होड्सच्या लोकांस सांगावें, कीं गप्प राहून चढा भाव घ्यावा? बाबिलोनचा डायोजिनिस म्हणतो, कायदा जेवढें सांगावयास लावतो तेवढें सांगावें. बाकी, न सांगणें म्हणजे लपविणें नव्हे. त्याचाच शिष्य अँटिपेटर म्हणतो, विकणारास जें ठाऊक आहे तें सारें घेणारास ठाऊक असलें पाहिजे, कारण माणसें एका समाजाचीं आहेत. मग सिसेरो सदोष घराचा दृष्टांत घेतो आणि निकाल शिष्याच्या बाजूनें देतो: जें कळणें दुसऱ्याच्या हिताचें आहे, तें आपल्या लाभासाठीं त्यास कळूं न देणें म्हणजेच लपविणें. आपल्याकडे कौटिल्यानें तर हा प्रश्न दंड लावूनच सोडविला. रोगी जनावर निरोगी म्हणून विकणारास त्यानें बारा पणांचा दंड सांगितला आहे, आणि चतुष्पाद प्राणी परत करण्यास तीन पंधरवड्यांची मुदत ठेविली आहे. बैल हीच ज्या काळची मोटार, त्या काळींहि, कांहीं दोष दावणीला बांधल्याखेरीज दिसत नाहींत, एवढें शास्त्रकारांस कळत होतें.

याच्यावर व्यवहारज्ञ लोक एक आक्षेप घेतील, आणि तो हंसून घालविण्यासारखा नाहीं. ते म्हणतील, घेणारा अजाण बालक नव्हे. त्यानें आपला मिस्त्री आणावा, गाडी थंड असतां चालवून पाहावी. जुन्या गाडीचा भाव मुळांत कमी असतो तो याच धोक्याबद्दल. धोक्याची सूट आधींच घेतल्यावर दोषाचा पाढा कां वाचावा? या आक्षेपांत तथ्य आहे, आणि घेणारानें सावध असावें हें आम्हांसहि मान्य आहे. परंतु ही सूट कोठून येते, हें जॉर्ज ॲकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञानें १९७० मध्यें प्रसिद्ध केलेल्या एका छोट्या निबंधांत दाखविलें. आणि त्याचा मुख्य दृष्टांत जुन्या मोटारींचाच आहे. अमेरिकेंत दगाबाज निघालेल्या गाडीस 'लिंबू' म्हणतात. घेणारास चांगली गाडी व लिंबू यांत भेद कळत नाहीं. म्हणून तो दोहोंस सारखा, मधला भाव देतो. त्या भावांत लिंबूवाल्याचा फायदा होतो, आणि चांगल्या गाडीचा मालक तोटा नको म्हणून बाजारांतून निघून जातो. चांगल्या गाड्या कमी झाल्या कीं घेणारा आणखी बिचकतो, भाव आणखी उतरतो, आणि आणखी कांहीं चांगले मालक निघून जातात. या विचारासाठीं ॲकरलॉफ यांस २००१ मध्यें दोघां सहकाऱ्यांसह नोबेल पारितोषिक मिळालें. म्हणजे 'धोक्याची सूट आधींच घेतली आहे' असें आपण म्हणतों, ती सूट आपल्यासारख्यांच्याच मौनानें निर्माण झालेली असते. आपण गप्प राहतों तेव्हां एका घेणारास फसवितों एवढेंच नव्हे, तर उद्यां खरें बोलून आपली चांगली गाडी विकूं पाहणाऱ्या अनोळखी माणसाच्या खिशांतूनहि कांहीं काढून घेतों. त्याच्या खऱ्या शब्दावरचा विश्वास आपण आज खर्चून बसलेलों असतों.

येथें या साऱ्या विचाराची गांठ आम्हांस सांपडली. गिअरबॉक्स झिजला त्या दिवशींच खर्च झालेला होता. एकतीस हजार किंवा अठ्ठावन्न हजार, तो नाहींसा करण्याची शक्ति आमच्यांत नव्हती, दलालांत नव्हती, जाड तेलांत तर नव्हतीच. प्रश्न एवढाच होता, कीं तो कोणाच्या खातीं मांडावा. ज्यानें सतरा वर्षें त्या चाकांवर बसून पावसांत मुलांस शाळेंत पोंचविलें, आजाऱ्यांस इस्पितळांत नेलें, त्याच्या खातीं. कीं ज्यानें अद्यापि एक मैलहि त्यांतून प्रवास केला नाहीं आणि पतसंस्थेचें व्याज मात्र भरणार आहे, त्याच्या खातीं? झीज ही उपभोगाची सावली आहे. ज्यानें उपभोग घेतला, झिजेचा खर्च त्याचा. ती गाडी विकूं नये असें आम्ही म्हणत नाहीं. दोष सांगून तीस हजारांस विकली असती तर खर्च आमच्याच खातीं पडला असता आणि व्यवहार चोख झाला असता. वाईट होतें तें सत्तर हजार.

आणि नात्याचें काय? करार कायद्यानें कन्येस सत्य दिलें आणि लिलांवांतल्या परक्यास दिलें नाहीं, म्हणून त्या कायद्यास दोष देण्याचें कारण नाहीं. न्यायालयास जेवढें सिद्ध करून घेतां येईल तेथेंच कायद्याला रेघ ओढावी लागते. सर्व जगास आमच्या मुली समजा, असें कलम त्यास लिहितां येणार नाहीं. पण कायद्याची रेघ दाखवून मनाचें समाधान करतां येत नाहीं. खोड सांगण्याचें कर्तव्य नात्यांतून निघतें असें म्हटलें, तर ज्यानें आपल्या डोळ्यांत पाहून 'कांहीं काम तर नाहीं ना' असें विचारलें त्याच्याशीं आपलें नातें त्या क्षणींच जडलें, असें आम्हांस वाटतें. विश्वास टाकणें हेंच एक नातें आहे, आणि परक्यानें टाकलेला विश्वास कन्येनें टाकलेल्या विश्वासाहून अधिक हतबल असतो. कारण कन्येस उद्यां येऊन बापाशीं भांडतां येतें.

तीन दिवसांनीं आम्हीं मिस्त्रींस गाडी दिली आणि ३१,००० रुपयांचा मार्ग पत्करला. त्यांनीं काढलेलें एक कडें आम्हांस दाखविलें. त्याचे दांते एका बाजूस नखासारखे बोथट झाले होते. त्याच संध्याकाळीं साताऱ्याकडील गृहस्थांच्या क्रमांकावर आम्हीं फोन केला. काय बोलावें याचें वाक्य मनांत तीन वेळां जुळविलें होतें, तरी ऐन वेळीं तें नीट उमटलें नाहीं. "तुम्हीं विचारलें होतेंत, त्याचें खरें उत्तर मीं दिलें नव्हतें. गिअरबॉक्स खराब होता," एवढेंच सांगतां आलें. पलीकडे थोडा वेळ शांतता होती. मग ते म्हणाले, "सर, मी काल दुसरी गाडी घेतली." आणि पुन्हां थोडें थांबून, रागानें नव्हे, चिंतेनें विचारलें, "मलाहि त्यांनीं असंच कांहीं सांगितलं नसेल ना?"

या प्रश्नास आमच्याजवळ उत्तर नव्हतें. आम्हीं त्यांस आमच्या मिस्त्रींचा पत्ता दिला आणि गाडी सकाळीं, थंड असतांना, घेऊन या असें सांगितलें. महिन्याचा तो एक हजार रुपयांचा खर्च आतां आम्हीं आमच्या वहींत लिहूं लागलों आहों. तो आंकडा लिहितांना जड वाटत नाहीं. जड वाटतें तें त्या गृहस्थांचें वाक्य. कारण त्यांच्या मनांत ती शंका आज ज्यांनीं घातली, त्यांत दुसऱ्या कोणाचा वांटा असो वा नसो, आमचा निश्चित आहे.